उन्हाळी सुट्टी संपली, शाळा अजून बंद: शिक्षकांना आधी काय सांगावं?

प्रश्न थोडक्यात असा: जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातली जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा. पट १३२, शिक्षक सहा. मुख्याध्यापकाचा प्रभार याच महिन्यात एका वरिष्ठ शिक्षिकेकडे आला आहे. सहकाऱ्यांपैकी एक मॅडम प्रसूती रजेवरून परतल्या आहेत, एक सर मेअखेरपर्यंत कोविड ड्युटीवर होते, एका सरांच्या घरात दुसऱ्या लाटेत मृत्यू झाला. मुलं शाळेत येणार नाहीत, शिक्षकही एका वेळी निम्मेच येणार. सुट्टीत ग्रुपवर आदेशांचा ढीग साचला आहे. सगळ्यांना अद्ययावत माहिती कशी द्यायची?

मॅडम, जून २०२१ च्या शेवटच्या आठवड्यातली परिस्थिती धरून लिहिते आहे.

आदेश पुढे पाठवले म्हणजे माहिती दिली असं होत नाही. सुट्टीवरून आलेल्या शिक्षकाला मुळात चार गोष्टी हव्या असतात. माझ्या वर्गातली मुलं आज कुठे आहेत? त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं? येत्या पंधरवड्यात शिकवायचं काय? आणि कुठली माहिती कुणाला, कधीपर्यंत द्यायची? बहुतेक शाळांत हा क्रम नेमका उलटा होतो. आधी माहिती भरायच्या लिंक येतात, मग आदेश, मग अभ्यासक्रम, आणि मुलांची विचारपूस सवड मिळाली तर. तुम्ही क्रम सुलटा ठेवा, बाकीचं काम निम्म्याने हलकं होईल.

आदेशांची चाळणी तुम्हालाच करावी लागेल, ती सहा जणांवर सोडू नका. दोन तास काढा, फोन बाजूला ठेवा आणि सुट्टी लागल्यापासून आलेलं प्रत्येक पत्र एका वहीत उतरवा: पत्राची तारीख, जावक क्रमांक, कोणाच्या सहीचं, कोणत्या इयत्तांना लागू, कधीपासून, आणि आधीचं कोणतं पत्र यामुळे बाद झालं. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. जुनी आणि नवी पत्रं ग्रुपवर शेजारी शेजारी पडलेली असतात आणि वाचणारा जे आधी उघडेल तेच खरं धरतो. दुसरा घोळ जिल्ह्यांचा. विदर्भातल्या शाळा २८ जूनला सुरू, आपल्या १५ जूनला, पण दोन्ही तारखांचे मेसेज सगळीकडे फिरतात. दुसऱ्या जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आपल्याला लागू नसतं, हे माहीत असूनही घाईत कुणी वरचा मथळा वाचत नाही. सही-शिक्क्याविना आलेला मजकूर, वर्तमानपत्राचं कात्रण, "सूत्रांनुसार" असलेली बातमी हे सरळ वगळा.

चाळून उरेल त्याचे तीन भाग करा: काय बदललं, काय तसंच आहे, काय अजून ठरलेलं नाही. तिसरा भाग लिहायला लोक कचरतात, कारण "ठरलेलं नाही" असं लिहिणं कमीपणाचं वाटतं. पण अफवा नेमक्या याच जागी शिरतात. पाचवीच्या पुढचे वर्ग कधी भरणार हे कुणी विचारलं, तर "आजपर्यंत लेखी आदेश नाही, आला की त्याच दिवशी कळवीन" हे उत्तर कागदावर असू द्या. मग रोज सहा जणांना सहा वेळा तेच सांगावं लागणार नाही.

एवढं सगळं फुलस्केपच्या एका बाजूत बसलं पाहिजे. दुसरी बाजू लागली की शिक्षक "रात्री निवांत वाचतो" म्हणतात आणि ती रात्र येत नाही. साधारण असा मसुदा धरा:

"दिनांक २६ जून २०२१. सर्व शिक्षकांसाठी.
बदललं: १ जुलै ते १४ ऑगस्ट दुसरी ते सातवीला सेतू अभ्यास (मागच्या इयत्तेची उजळणी), एकूण ४५ दिवस. त्यात तीन चाचण्या. शिक्षक उपस्थिती ५० टक्के, पाळीपत्रक खाली. मुख्याध्यापक रोज शाळेत.
तसंच: मुलांना शाळेत बोलवायचं नाही. पोषण आहार शिजवायचा नाही, कोरडा शिधा द्यायचा. ऑनलाइन तासिका पहिली-दुसरीला ३० मिनिटांच्या दोन, तिसरी ते सातवीला ४५ मिनिटांच्या दोन, त्याहून जास्त नाही.
ठरलेलं नाही: प्रत्यक्ष वर्ग कधी भरणार.
या आठवड्यात तुमच्याकडून हवं: वर्गाची संपर्क यादी, बुधवार संध्याकाळपर्यंत. दुसरं काही नको.
शंका: मला फोन करा, सकाळी १० ते ११ किंवा संध्याकाळी ५ ते ६."

"दुसरं काही नको" हे वाक्य गाळू नका. पहिल्या आठवड्यात एकच काम मागितलं तर ते होतं. चार मागितली तर चारही अर्धी होतात आणि त्यातलं मुलांचं काम मागे पडतं. टिपणाची एक प्रत शाळेच्या सूचना फलकावर लावा, एक आदेशवहीत सह्यांसाठी ठेवा, आणि फोटो काढून ग्रुपवर टाका. फोटो वाचता येत नसेल तर तोच मजकूर टाइप करून द्या. ज्या ग्रुपवर शुभेच्छा आणि श्रद्धांजल्याही चालतात तिथे आदेश बुडतात, म्हणून फक्त ॲडमिनला मेसेज टाकता येईल असा दुसरा ग्रुप काढा. त्यावर आठवड्याला दोनच वेळा काही यावं.

बैठकीआधी प्रत्येकाला वेगळा फोन करा, हे टाळू नका. ज्या सरांच्या घरी दुःख झालं आहे त्यांना ग्रुपवर उद्देशून काहीही लिहू नका. फोनवर कामाचं आधी काढू नका. दोनच गोष्टी विचारा: "तुम्हाला कधीपासून जमेल?" आणि "बैठकीत याविषयी कुणी बोललेलं चालेल की नको?" बरेच जण नको म्हणतात. मग बैठकीत दोन मिनिटं स्तब्धता वगैरे कार्यक्रम त्यांच्यासमोर करू नका. त्यांच्या वर्गाच्या पहिल्या आठवड्याच्या फोनची जबाबदारी दुसऱ्याकडे द्या, कारण त्या फोनवर पालकही आपल्या घरातले मृत्यू सांगतात आणि नुकताच घाव बसलेल्या माणसाला ते दिवसातून दहा वेळा ऐकवणं बरं नाही. स्वतः कोविडमधून उठलेल्यांना धाप आणि थकवा महिनोन् महिने राहू शकतो. त्यांना पाड्यावरच्या गृहभेटी देऊ नका, चाचण्या तपासणं आणि नोंदी द्या.

ड्युटीवर असलेल्या सरांना सुट्टी मिळालेलीच नाही, तेव्हा "सुट्टी संपली" हे वाक्य त्यांच्याशी बोलताना वापरू नका. त्यांच्या नेमणुकीचा आदेश आणि कार्यमुक्तीचं पत्र या दोन्ही प्रती मागून घ्या आणि फायलीला लावा. दीर्घ सुट्टीत काम केल्याच्या बदल्यात अर्जित रजा जमा व्हायची तर हेच कागद लागतात. वर्षभराने शोधायला गेलं तर ते हमखास सापडत नाहीत. तुम्ही प्रभारी आहात म्हणून हे काम पुढच्या मुख्याध्यापकावर ठेवू नका.

रजेवरून आलेल्या मॅडमना सहा महिन्यांची सगळी पत्रं वाचायला देणं निरर्थक आहे, त्यातली बहुतेक बाद झाली आहेत. त्यांना तीन दिवसांसाठी एक जोडीदार शिक्षक द्या, शक्यतो ज्यांनी त्यांचा वर्ग सांभाळला तेच. जोडीदाराने पटाची यादी घेऊन एकेका मुलावर बोलायचं: हा संपर्कात आहे, ही मार्चपासून नाही, याचे वडील सुरतला गेलेत, हिला वाचता येतं पण वजाबाकीत हातचा घेता येत नाही. बावीसेक मुलांना दीड तास पुरतो. हा दीड तास दहा पत्रांपेक्षा उपयोगी पडतो. पहिले तीन दिवस त्यांच्याकडून कुठलीही माहिती मागू नका. तान्हं बाळ घरी आहे, त्यामुळे गृहभेटीच्या पाळीतून त्यांना पूर्ण वगळा आणि त्याबदल्यात फोनवरचं तोंडी काम द्या. हे बैठकीत सगळ्यांसमोर तुम्हीच सांगा, म्हणजे त्यांना स्वतःहून मागावं लागत नाही आणि मागून कुरबूरही होत नाही.

बैठक ३५ मिनिटांची ठेवा. झूमवर फुकट खात्यात ४० मिनिटांनी बैठक तुटते आणि तुटलेल्या बैठकीत परत सगळे येत नाहीत. वेळ ठरवण्याआधी तुमच्या फिडरवर वीज कधी जाते ते बघा. ज्यांच्याकडे रेंज नाही त्यांच्यासाठी साध्या फोनची कॉन्फरन्स लावा, पाच-सहा जण त्यात सहज येतात आणि आवाजही स्पष्ट असतो. टिपण आदल्या दिवशीच दिलेलं असेल तर बैठकीत ते वाचून दाखवू नका. पहिली दहा मिनिटं टिपणावरच्या शंका. पुढची पंधरा मिनिटं सेतूची पीडीएफ सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या फोनवर उघडायची आणि पहिल्या दिवसाचं पान काढायचं. इथे कळतं की कुणाच्या फोनमध्ये जागा नाही, कुणाकडे दुसऱ्याच इयत्तेची फाइल आहे, कुणाला पीडीएफमधलं एकच पान पाठवता येत नाही. हे १ जुलैच्या सकाळी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. उरलेली दहा मिनिटं पाळीपत्रकाला. बैठक संपली की प्रत्येकाने एकाच ओळीत लिहून पाठवायचं: "या आठवड्यात मी काय करणार." त्या सहा ओळी वाचल्या की तुमचं बोलणं कुणापर्यंत कसं पोचलं ते लगेच दिसतं. एखाद्याने चुकीचं लिहिलं तर त्यालाच फोन करा, ग्रुपवर दुरुस्ती नको.

आता संपर्क यादी. यात हात आखडता घेऊ नका.

मार्च-एप्रिलमध्ये केलेली यादी जूनमध्ये चालत नाही, आणि आपल्याकडे तर मुळीच नाही. बहुतेक गावांत सालदारकीचं (वर्षाच्या बोलीवर शेतावर राबण्याचं) वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बदलतं. सालदार दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याकडे गेला की कुटुंब आणि मुलंही जातात, आणि आखाजी येते नेमकी उन्हाळी सुट्टीत. ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं याच सुमारास परत आलेली असतात, म्हणजे हिवाळ्यात "संपर्कात नाही" म्हणून सोडलेली मुलं आत्ता गावात सापडतात. रिचार्ज संपून बंद पडलेले नंबर, दुसऱ्या लाटेत गेलेल्या वडिलांचा अजून ग्रुपवर असलेला नंबर, काकाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर, हे सगळं एकदा तपासून घ्यायला हवं.

प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला २२ मुलं येतात. भावंडं धरली तर १५-१६ घरं. एका फोनला तीन-चार मिनिटं, पण निम्मे फोन पहिल्यांदा उचलले जात नाहीत, म्हणून तीन संध्याकाळी धरा. जून-जुलैत दिवसा फोन करून उपयोग नाही. माणसं वावरात असतात, कपाशी लावायला आणि मग निंदणीला मोठी पोरंही सोबत जातात, आणि घरातला एकुलता फोन वडिलांच्या खिशात असतो. सात ते साडेआठ ही वेळ चांगली. पालकाशी त्याच्या बोलीत बोला, "भाऊ, फोन घर कव्हय ऱ्हास?" (फोन घरी कधी असतो?) असं अहिराणीत विचारलं की उत्तर नीट मिळतं, पुस्तकी मराठीत विचारलं की "हो सर, हो सर" एवढंच मिळतं. पाड्यावरच्या पावरी (पावरा आदिवासींची बोली) बोलणाऱ्या पालकांसाठी गावातला एखादा दहावी-बारावीचा मुलगा सोबत घ्या.

वहीत रकाने एवढेच: मुलाचं नाव, इयत्ता, नंबर, तो नंबर कुणाचा, फोन स्मार्ट की साधा, फोन घरी असण्याची वेळ, घरात वाचता येणारं कोण, मूल सध्या कुठल्या गावी, शेवटचा अभ्यास कधी पाहिला ती तारीख. शेवटचा रकाना कोरा राहिला तर कोराच ठेवा, अंदाजे तारीख टाकू नका.

मग प्रत्येक मुलासमोर एक खूण: स्मार्टफोन रोज मिळतो, साधाच फोन आहे, किंवा काहीच नाही. इथे एक चूक फार होते. घरात स्मार्टफोन आहे म्हणजे मुलाला तो मिळतो असं धरलं जातं. एका फोनवर तीन भावंडं असतील तर थोरल्याला मिळतो, धाकटीला नाही. मुलगा आणि मुलगी असेल तर बहुधा मुलाला. म्हणून खूण घराला नाही, मुलाला लावायची. ग्रुपवर असलेल्यांची संख्या किंवा शनिवारच्या स्वाध्यायात (व्हॉट्सॲपवरच्या सराव प्रश्नांत) नाव नोंदवलेल्यांची संख्या ही शिकणाऱ्या मुलांची संख्या नव्हे. केंद्रप्रमुखांनी टक्केवारी मागितली तर तीन आकडे वेगवेगळे द्या. एकच फुगवलेला आकडा दिला तर पुढची मदतही त्याच आकड्यावर ठरते, आणि काहीच नसलेली मुलं कागदावरून नाहीशी होतात.

सेतू अभ्यासाबद्दल शिक्षकांना जे सांगायचं ते पीडीएफमध्ये लिहिलेलं नाही. कृतिपत्रिका मागच्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींवर, म्हणजे त्या इयत्तेअखेर मुलाला काय यायला हवं त्यावर, बेतलेल्या आहेत. पण मूल मागच्या इयत्तेत प्रत्यक्ष बसलं होतं का, हे प्रत्येक वर्गाला वेगळं आहे. आत्ता दुसरीत गेलेल्या मुलाने पहिलीचा वर्ग पाहिलेलाच नाही. तिसरीतल्या मुलाने पहिली मार्च २०२० मध्ये अर्धवट सोडली आणि दुसरी घरीच काढली. चौथीतलं मूल दुसरीच्या शेवटाशी थांबलं आहे. एप्रिलमध्ये पहिली ते आठवीची मुलं परीक्षेविना वर्गोन्नत झाली, ते योग्यच झालं, पण त्यामुळे प्रगतिपुस्तकावरून मुलाची पातळी कळत नाही. म्हणून दुसरी आणि तिसरीच्या शिक्षकांना स्पष्ट सांगा: पहिले दहा दिवस मुळाक्षरं, स्वरचिन्हं आणि वीसपर्यंतची मोजणी यांना द्या, सेतूचं पान त्याच्या जोडीला. पान पूर्ण झालं नाही तरी चालेल. दिवस पहिला ते दिवस पंचेचाळीसावा असं रेटत गेलं की वही भरते, मूल जागच्या जागी राहतं. पहिलीला सेतू नाही. त्यांच्यासाठी अंगणवाडी सेविकेकडून दाखलपात्र मुलांची यादी घ्या आणि पहिल्या महिन्यात गाणी, गोष्टी, वस्तू मोजणं, पाटीवर रेघोट्या एवढंच ठेवा. पाड्यावरच्या मुलांना मराठी कानावर पडलेलीच नाही. त्यांच्याशी आधी त्यांच्या बोलीत बोलून मग मराठी शब्द द्यावा लागेल, आणि हा वेळ वाया गेला असं कुणी समजू नये.

पातळी तपासायची पद्धत सगळ्या शिक्षकांची एकच असू द्या, नाही तर सातवीपर्यंतचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. वाचनासाठी अक्षर, शब्द, चार ओळींचा परिच्छेद, लहान गोष्ट अशा चार पायऱ्या. गणितात अंक ओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. फोनवर मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यायचं, चार-पाच मिनिटांत कळतं. लेखी चाचणी व्हॉट्सॲपवर मागवली तर हस्ताक्षर थोरल्या बहिणीचं असतं. म्हणून सेतूच्या तीनही चाचण्यांना तोंडी जोड द्या: २२ मुलं, पाच मिनिटं, म्हणजे पावणेदोन-दोन तास, तीन संध्याकाळींत विभागून. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांची चाचणी गृहभेटीत ओट्यावर बसून.

छापील पानांचा हिशेब आधीच मांडा. १३२ पैकी ५० मुलांकडे स्मार्टफोन नाही असं धरा. रोजची सगळी पानं झेरॉक्स केली तर पैसे पहिल्या पंधरवड्यात संपतात. आठवड्याला मुलामागे चार पानं ठरवली तर सहा आठवड्यांत १,२०० पानं, पानाला रुपया ते दोन रुपये, म्हणजे १,२०० ते २,४०० रुपये. हे शाळा अनुदानातून बसू शकतं, पण अनुदान उशिरा येतं, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत खर्चाला मान्यता आत्ताच घेऊन ठेवा आणि इतिवृत्तात नोंदवा. उरलेले प्रश्न शिक्षकाने गृहभेटीत मुलाच्या वहीत लिहून द्यावेत किंवा गावातल्या भिंतीवर रंगवलेल्या फळ्यावर लिहावेत. फळा चौकात नको, तिथे गर्दी होते. गल्लीच्या आतल्या बाजूला, पाच-सहा घरांना दिसेल असा. पुस्तकं येईपर्यंत वरच्या वर्गात गेलेल्या मुलांची जुनी पुस्तकं गोळा करून खालच्यांना द्या. पावसाळा आहे, पिशवीत बांधून द्या.

पाळीपत्रक करताना साधी वाटणी (तिघं सोम-मंगळ-बुध, तिघं गुरू-शुक्र-शनि) करू नका. अशाने एका वर्गाचा शिक्षक सलग तीन दिवस गावात नसतो आणि मुलांना द्यायची पानं अडकतात. आलटून पालटून दिवस ठेवा आणि जोड्या अशा लावा की एक जण लहान वर्गांचा, एक मोठ्या वर्गांचा. शाळेच्या टेबलावर एक हस्तांतर वही ठेवा. आज कुठल्या गल्लीत पानं दिली, कोण भेटलं नाही, कुणाला उद्या द्यायचं, तीन ओळी. दुसऱ्या दिवशीच्या शिक्षकाने आधी ती वही वाचायची. दोनच शिक्षक असलेल्या शाळांत तर याशिवाय काम चालतच नाही.

स्वयंपाकी-मदतनीस ताईंना बहुतेक शाळा विसरतात. त्याही शाळेच्या माणसं आहेत. शिजवायचं नाही, पण शिधावाटपाला कोणत्या दिवशी, किती वाजता यायचं हे त्यांना फोनवर नाही, भेटून सांगा. सुट्टीनंतर पहिलं काम साठा मोजण्याचं: नोंदवहीतला शिल्लक तांदूळ आणि प्रत्यक्ष गोण्या जुळतात का, उंदरांनी फोडल्यात का, अळ्या-पोरकिडे झालेत का. खराब तांदूळ निघाला तर वाटू नका, पंचनामा करून वर लेखी कळवा. प्रमाण तुम्हाला ठाऊक असेलच, पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, सहावीपासून १५० आणि ३० ग्रॅम. ३० दिवसांचा शिधा म्हणजे लहान मुलाला ३ किलो तांदूळ आणि ६०० ग्रॅम डाळ, मोठ्याला साडेचार किलो आणि ९०० ग्रॅम. तुमच्या पटात पाचवीपर्यंत ९२ आणि पुढे ४० मुलं असतील तर ४५६ किलो तांदूळ आणि ९१ किलो २०० ग्रॅम डाळ लागते. किती दिवसांचा शिधा द्यायचा ते आदेशात बघून त्याप्रमाणे बदला. मापट्याने नको, काट्यावर मोजून द्या आणि सही मुलाच्या घरच्याचीच घ्या. शिधावाटपाच्या दिवशी सगळे पालक एकेक करून येतात. संपर्क यादीतले राहिलेले नंबर त्याच दिवशी भरून घ्या, अभ्यासाची पानंही तिथेच द्या.

इमारतीबद्दल थोडंच. शाळा विलगीकरणासाठी वापरली गेली असेल तर ग्रामपंचायतीकडून ती रिकामी केल्याचं लेखी घ्या आणि शिक्षक बसण्याआधी एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटने पुसून घ्या. पाच टक्क्यांचं द्रावण असेल तर एक भाग द्रावणाला चार भाग पाणी. हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून. पिण्याच्या पाण्याची टाकी वेगळी घासून धुवावी. पहिल्या पावसात बंद खोल्यांत विंचू-साप निघतात, कपाटं उघडताना काळजी घ्या. दाखल-खारीज नोंदवही गळक्या भिंतीपासून लांब हलवा.

फोन करताना आई किंवा वडील गेल्याचं कळलं तर शिक्षकाने त्याच दिवशी तुम्हाला सांगायचं, ग्रुपवर टाकायचं नाही. दोन्ही पालक कोविडने गेलेल्या मुलांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदतठेव आणि बालसंगोपन योजनेचा लाभ देण्याचा निर्णय राज्य सरकारने २ जून २०२१ रोजी घेतला. एक पालक गेलेली मुलंही बालसंगोपन योजनेसाठी अर्ज करू शकतात. काम जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातून चालतं. मृत्यूचा दाखला, कोविडचा तपासणी अहवाल किंवा दवाखान्याची कागदपत्रं, रेशनकार्ड, मुलाचा बोनाफाइड, हे जमवायला नातेवाइकांना शिक्षकाची मदत लागते. बोनाफाइड मागताच त्याच दिवशी द्या. मूल एकटं पडलं असेल किंवा कुणी त्याला कामाला लावत असेल तर चाइल्डलाइन १०९८. सातवीतल्या मुलींच्या लग्नाची कुजबूज कानावर आली तर ग्रामसेवकांना तातडीने कळवा. गावात बालविवाह प्रतिबंध अधिकारी तेच असतात.

राहिली माहितीची मागणी. "आजच, दोन तासांत" असे निरोप येणारच. त्यासाठी शाळेची एकच मूळ यादी एक्सेलमध्ये करा: नाव, आईचं नाव, जन्मतारीख, इयत्ता, प्रवर्ग, आधार, बँक खातं, संपर्क, फोनची खूण, वाचनाची पायरी, गणिताची पायरी, शिधा मिळाल्याची तारीख. येणाऱ्या दहा मागण्यांतल्या आठ याच बारा रकान्यांतून निघतात, शिक्षकाला फोन करावा लागत नाही. ही फाइल तुमच्याकडे आणि आणखी एकाकडे असू द्या. आधार आणि खाते क्रमांक असलेली फाइल कोणत्याही ग्रुपवर टाकू नका, वरून मागितली तरी अधिकृत ईमेलवरच पाठवा.

१ जुलैनंतर तिसऱ्या दिवशी प्रत्येक शिक्षकाला एकच प्रश्न: किती मुलांपर्यंत पहिलं पान पोचलं, आणि न पोचलेल्यांची नावं. आकडा नको, नावं हवीत. आठव्या दिवशी त्याच नावांचं काय झालं ते विचारा. सलग दोन वेळा तेच नाव आलं तर गृहभेटीला तुम्ही स्वतः जा. दुसरं टिपण पंधरा दिवसांनी, पहिल्या चाचणीनंतर, पुन्हा एकाच बाजूचं आणि त्याच तीन भागांचं. सेतूचा शेवट श्रावणात येतो, कानबाईच्या (खान्देशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाच्या) सुमाराला घरोघरी पाहुणे असतात आणि मुलं मामाच्या गावीही जातात. शेवटची चाचणी त्या आठवड्यात अडकू नये म्हणून तोंडी भाग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करा. प्रभार दुसऱ्याकडे गेला तर आदेशवही, मूळ यादी, हस्तांतर वही आणि साठा नोंदवही या चार वस्तू यादीवर सही घेऊन द्या.